परंपरेला मान, कुरणांचे काय?

केनियातील मसाई समाजाच्या एन्किपाटा, युनोटो आणि ओल्न्गेशेर या तीन संस्कारांचा समावेश युनेस्कोने २०१८ मध्ये तातडीने जतन करावयाच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. कुमाराने योद्धा आणि योद्ध्याने ज्येष्ठ होण्याचा हा क्रम आहे. मात्र, केवळ नोंदीने तो टिकेल काय, हा प्रश्न कायम आहे.

मसाई युवक एकटा योद्धा होत नाही. सुंतेनंतर त्याचा संपूर्ण वयोगट ‘मोरान’ बनतो. गुरांचे व वस्तीचे रक्षण ही त्यांची जबाबदारी. सोबत्यांविना जेवू नये, हा दंडक. पुढे युनोटोत मोरानचे गेरूने माखलेले लांब केस आई भादरते आणि त्याच्या विवाहाचा मार्ग खुला होतो. ओल्न्गेशेरनंतर तो ज्येष्ठांत गणला जातो.

ही परंपरा काळाशी जुळवून न घेतल्याने लोपत आहे, हे निदान अपुरे आहे. सिंहाची शिकार हे एकेकाळी शौर्याचे प्रमाण होते. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. अंबोसेली परिसरात २००७ पासून ‘लायन गार्डियन्स’ उपक्रमात मोरानच सिंहांचा माग ठेवून त्यांचे रक्षण करू लागले. २०१२ पासून शिकारीला पर्याय म्हणून ‘मसाई ऑलिम्पिक’ स्पर्धाही सुरू झाल्या.

जमिनीला मात्र असा पर्याय नाही. युनोटोसाठी मोठ्या संख्येने युवक एकत्र येतील अशी मोकळी जागा आणि पुरेशी गुरे लागतात. केनियात १९६८ च्या कायद्यानुसार आखलेल्या सामूहिक कुरणांचे पुढे खासगी तुकडे पडले, कुंपणे आली. सीमेपलीकडील टांझानियात, जेथे हेच मसाई राहतात, स्थिती अधिक बिकट आहे. १९५९ मध्ये सेरेंगेटी सोडावे लागलेल्या मसाईंना न्गोरोंगोरोत राहण्याची मुभा मिळाली होती. २०२२ मध्ये तेथूनही त्यांना सुमारे ६०० किलोमीटरवरील म्सोमेरा येथे हलविण्याची मोहीम सुरू झाली. हे स्थलांतर ऐच्छिक असल्याचा सरकारचा दावा आहे. ते सक्तीचे असल्याचा मसाई कार्यकर्त्यांचा आरोप आहे. त्याच वर्षी जूनमध्ये लोलिओंडोतील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र वन्यजीवांसाठी आखताना सुरक्षा दले आणि रहिवाशांत संघर्ष उडाला.

पर्यटकांसमोर उंच उड्या घेणारा मोरान दोन्ही देशांच्या जाहिरातींत शोभतो. मात्र, नृत्य चित्रफितीत जपता येते, वयोगट नव्हे. तो एकत्र राहून, एकत्र गुरे राखूनच घडतो. त्यामुळे कुरणांवरील हक्काचा निर्णय टाळून वारशाचे रक्षण करू पाहणे व्यर्थ ठरेल.