निळ्यासमोर तांबूस

मागच्या शनिवारी दुपारी भाची घरी आली ती एका हातात ड्रेसची पिशवी आणि अगदी रडवेला चेहरा घेऊन. संध्याकाळी तिच्या जिवलग मैत्रिणीचं रिसेप्शन. त्यासाठी तिने गडद निळ्या रेशमाचा अनारकली शिवून घेतला होता, गळ्याला बारीक जरीकाम. ड्रेसवर ती खूश होती. घोडं अडलं होतं डोळ्यांपाशी.

"मावशी, सगळ्या म्हणाल्या ड्रेस निळा आहे तर आयशॅडोपण निळाच लाव. घरून लावून आलेय. बघ ना कशी दिसतेय."

तिला खिडकीपाशी उभं केलं. पापण्यांवर चकचकीत निळा थर, अगदी भुवईपर्यंत चढवलेला. आणि त्याखाली तिचे डोळे. ती पाळण्यात होती तेव्हापासून ज्या टपोऱ्या डोळ्यांची घरात दृष्ट काढली जाते, ते डोळे थकून खोल गेल्यासारखे दिसत होते. गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो फिकट निळा मुका मार लागल्यासारखा उमटला होता.

मला माझ्या लग्नाचा अल्बम आठवला. साल 1994. रिसेप्शनचा शालू गडद निळा होता, आणि पार्लरमधल्या बाईंनी "मॅचिंग करू या" म्हणत माझ्याही पापण्या निळ्या रंगवल्या होत्या. त्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत आधी पापण्या दिसतात, मग मी. आई त्यावर एक अक्षर बोलली नाही, पण भिंतीवर लावायला तिने फोटो निवडला तो हळदीचा. नुसत्या काजळातला. त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. म्हणून पोरीला म्हटलं, तोंड धुऊन ये, आपल्याकडे तीन तास आहेत.

आपल्याला ही जुळवाजुळवीची सवय मॅचिंग सेंटरमध्ये लागते. साडी काउंटरवर पसरायची, दुकानदार ब्लाउजपिसांचे गठ्ठे काढणार, परकर, फॉल, दोऱ्याचं रीळ, सगळं एका रंगात आलं की समाधान. कपड्याला कपडा जोडताना ते बरोबरच आहे. निळ्या साडीला हिरव्या दोऱ्याने फॉल कोण लावेल? पण चेहऱ्याला स्वतःचा रंग असतो, डोळ्यांना त्यांचा असतो. तिथे ब्लाउजपिसाचा नियम चालत नाही.

मग कुठला चालतो? याचं सगळ्यांत सुरेख उत्तर मला एका रसायनशास्त्रज्ञाच्या गोष्टीत सापडलं. मिशेल यूजेन शेव्हरल त्याचं नाव. पॅरिसच्या गोबेलिन या राजाश्रयाच्या विणकामशाळेत 1824 साली तो रंगकामाचा प्रमुख झाला. तिथे भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणत. विणकरांची तक्रार अशी, की निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या दाखवायला जो काळा धागा देतात त्यात दमच नाही, तो मरगळलेला दिसतो. शेव्हरलने तो काळा दुसऱ्या कारखान्यांच्या काळ्याशी ताडून पाहिला. धाग्यात काही खोट नव्हती. खोट होती शेजारात. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर आपल्या विरुद्ध रंगाची छटा टाकतो. निळ्याच्या विरुद्ध नारिंगी. म्हणून निळ्याला लागून असलेल्या काळ्यावर आपल्याला एक पुसट नारिंगी-तपकिरी झाक दिसते आणि त्याचा काळेपणा विटतो. 1839 साली त्याने यावर भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. शेव्हरल 102 वर्षं जगला, आणि चित्रकारांच्या पिढ्या त्याच्या या नियमावर पोसल्या.

आता हेच पापणीवर आणून बघा. आपल्याकडे डोळे बहुतेक गडद तपकिरी, लांबून काळेच वाटणारे. त्यात काजळ काळं. त्याला लागून निळा थर दिला की विणकरांच्या धाग्याचं झालं तेच आपल्या काजळाचं होतं. उलट पापणीवर तांब्याचा, गुळाचा, दालचिनीचा, म्हणजे नारिंगीच्या घरातला रंग द्या. तो शेजारच्या काळ्यावर निळसर झाक टाकतो, आणि काळं अधिक गर्द, अधिक ओलं दिसतं. शिवाय तपकिरी म्हणजे तरी काय? काळोखात गेलेला नारिंगीच. डोळ्यावर उजेड पडला की बुबुळात जो मधासारखा रंग चमकतो, त्याला हा तांबूसपणा हाक मारतो. आणि खाली गळ्यापासून सुरू होणारा गडद निळा या सगळ्याच्या बरोबर समोर उभा असतो.

हे शहाणपण आपल्या विणकरांच्या हातात फार आधीपासून आहे. इरकलचं जुनं लुगडं आठवा. गडद निळं अंग आणि लालसर, विटकरी काठ. आजीचं तसं एक लुगडं माझ्याकडे आहे. अंग धुऊन धुऊन विरलं, पण तो काठ त्या निळ्यावर अजून निखाऱ्यासारखा दिसतो. मी भाचीसमोर तेच उलगडलं आणि म्हटलं, हा काठ आज तुझ्या पापणीवर लावायचा.

पण त्याआधी निळा कुठला ते बघावं लागतं. दुकानात सगळ्यालाच नेव्ही ब्लू म्हणतात, पण गडद निळ्यातही दोन वाटा असतात. एक जांभळटाकडे झुकतो, शाईसारखा. दुसऱ्यात हिरव्याचा अंश असतो, मोरपंखीकडे जाणारा. ओळखायची युक्ती सोपी आहे: कापड पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवून दिवसाउजेडी बघायचं. शाईच्या निळ्यासमोर पिवळट सोनेरी खुलतो, जुन्या सोन्याचा, मधाचा. मोरपंखी निळ्यासमोर लाल तांबूस, विटकरी, अगदी मरून. भाचीचा निळा मधला होता, किंचित शाईकडे. म्हणून तांबं, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात सोन्याचा एक ठिपका.

एक विनंती करते. ड्रेस शिवायला टाकाल तेव्हा उरलेल्या कापडाची चार बोटं चिंधी मागून घ्या आणि पर्समध्ये ठेवा. आयशॅडो घ्यायला जाताना ती चिंधी सोबत न्या. रंग मनगटावर लावून त्याशेजारी चिंधी धरायची आणि दुकानाच्या दारात, उजेडात येऊन बघायचं. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच रंग गोड दिसतात.

तपकिरी आणि तांबूस आयशॅडो कशाचे बनतात, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्यांचा रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचा. म्हणजे आपला गेरूच. तुळशीवृंदावनाला देतो, रांगोळीच्या खाली सारवतो, तो रंग त्याच घराण्यातला. आणि चमक अभ्रकाची. अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर चढवला की तांब्यासारखी झळाळी येते. तेव्हा पापणीवरच्या "कॉपर" शेडमध्ये तांबं असेलच असं नाही, पण माती आणि दगडाशी तिचं नातं असतं. आपली कातडी मातीच्या रंगांची आहे. तिला हे रंग परके वाटत नाहीत, ते तिच्यावर बसतात. फिकट निळा, बेबी पिंक, दुधाळ करडा हे रंग सावळ्या कातडीवर तरंगतात, राख फासल्यासारखे.

सावळ्या कातडीचा विषय निघालाच आहे तर थांबते थोडी. "तू सावळी, तुला गडद रंग नको, फिकटच घे," हे वाक्य किती मुलींनी ऐकलं असेल. मी ऐकलं, माझ्या बहिणीने ऐकलं, आणि आता भाचीलाही एका दुकानात ऐकवलं गेलं. हे वाक्य खोटं आहे, आणि ते मुलींचे कितीतरी सुंदर रंग हिरावून घेतं. गडद निळा सावळ्या चेहऱ्याला जो उबदारपणा देतो तो गुलाबी कधी देत नाही. त्याचं कारण पुन्हा शेव्हरलचंच. निळा शेजारी आला की कातडीतला तांबूसपणा वर येतो. फक्त "न्यूड" म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांपासून सांभाळा. त्या बऱ्याचदा कुणाच्या तरी गोऱ्या कातडीच्या मापाने बनलेल्या असतात. आपली न्यूड शेड म्हणजे खारकेचा रंग, चिंचेच्या टरफलाचा, भाजलेल्या बडीशेपेचा.

तर आता पोरीचा डोळा. चेहरा धुऊन, पुसून, पापणीवर फाउंडेशनचा अगदी पुसट हात दिला आणि त्यावर पावडर. त्याशिवाय रंग तासाभरात पापणीच्या घडीत जाऊन बसतो. मग चमक नसलेला दालचिनी रंग, मऊ ब्रशने, पापणी जिथे दुमडते त्या घडीच्या जरासा वर. ब्रश दांड्याच्या शेवटाला धरायचा म्हणजे हात जड पडत नाही. खिडकीची काच पुसताना जसा हात डावी-उजवीकडे जातो तसाच फिरवायचा, रंगाची कड कुठे संपली ते दिसेनासं होईपर्यंत. यालाच सगळा वेळ द्या. बाकीचं दोन मिनिटांचं काम आहे.

तांबं मात्र ब्रशने नाही, बोटाने. अनामिका, कारण तिच्यात जोर कमी. बोट डबीत टेकवलं, तिला डोळा मिटायला सांगितला आणि पापणीच्या मधोमध, बुबुळाच्या बरोबर वर, बोट नुसतं टेकवून उचललं. घासलं नाही. तीनदा टेकवलं. तिने डोळा उघडला तर तिथे एक लहानसा उजेड होता, समईची वात लावल्यावर पितळेवर येतो तसा.

काजळाने वरची कड काळी केली, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी अगदी चिकटून. खाली काळ्याऐवजी गडद निळी पेन्सिल, बाहेरच्या अर्ध्या भागात फक्त, आणि कानकोरण्याच्या कापसाने पुसट केलेली. ड्रेसच्या निळ्याला डोळ्यापर्यंत यायचं असेल तर त्याला एवढीच जागा. सुताएवढी. मस्काराचे दोन हात. भुवया नुसत्या विंचरल्या.

"संपलं?" ती म्हणाली.

"संपलं. आता ओठ शांत ठेव." विटकरी-गुलाबी लिपस्टिक, तीही टिपकागदावर टिपून.

माझ्या वयाच्या मैत्रिणींसाठी एवढं सांगते, की पन्नाशीनंतर पापणीवर बारीक सुरकुत्या येतात आणि चमक नेमकी त्यांच्यात भरते. आपण चमक नसलेला तांबूस-तपकिरी घ्यावा, आणि झळाळी हवीच तर आतल्या कोपऱ्यात टिंबभर. वांग्याचा जांभळट तपकिरी रंगही गडद निळ्याशी छान बोलतो आणि आपल्या वयाला फार शोभतो. चांदीचे दागिने घालणार असाल तर तांब्याऐवजी धुरकट तपकिरी बरा. आणि राखी सजवायची, हस्तकलेची चमकी डोळ्याजवळ कुणीही, कधीही लावू नका. तिचे कण धारदार असतात, डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो. सुट्या पुड्यांमधला सुरमाही नको. पारंपरिक सुरम्यांत शिसं असल्याचं तपासण्यांत वारंवार दिसून आलं आहे. काजळाची कांडी बहिणी-बहिणींत वाटून वापरतात, तेही सोडा. एकीचे डोळे आले की घरभर येतात.

आता उजेड. निळा रंग दिव्यावर फार अवलंबून असतो. पिवळ्या दिव्यात निळे किरण थोडे, म्हणून गडद निळा ड्रेस जवळपास काळा दिसतो. अशा वेळी तांबं पेटतं. पांढऱ्या थंड एलईडीखाली निळा निळाच राहतो, पण तांबूस रंग आणि आपले गाल, दोन्ही फिकटतात. तिथे घडीतला तपकिरी थोडा जास्त लागतो. भाचीला हॉलचे फोटो मोबाइलवर शोधायला लावले. वर झुंबरं, भिंतीला पिवळे दिवे. म्हटलं, मग हात आवरता घेते. मग बैठकीतला पांढरा दिवा बंद करून देवघराजवळचा पिवळा लावला आणि तिला आरशासमोर नेलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याने मिटलेली पापणी बघायचा प्रयत्न केला.

"मावशी, हे माझेच डोळे दिसतायत."

रात्री साडेअकराला ती परत माझ्याकडेच झोपायला आली. पायातल्या मोजड्या दारातच सोडल्या आणि जेवणात काय काय होतं ते सांगत स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. काजळ जागेवर होतं. डाव्या पापणीवरचं तांबं थोडं पुसलं गेलं होतं. "पाठवणीला रडलो ना सगळ्याच," ती म्हणाली. मी वाटीत खोबरेल घेतलं, कापूस भिजवून तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर अर्धा मिनिट नुसता धरून ठेवला आणि मग वरून खाली एकदाच ओढला. कापसावर दालचिनी, तांबं, काळं आणि कडेला सुताएवढं निळं, असं सगळं एकाखाली एक उतरलं.

ती तो कापूस दिव्याखाली धरून बघत राहिली. मग पर्समधून निळी चिंधी काढली आणि त्याच्याशेजारी ठेवली.