८६ मते आणि १ लाख ६२ हजार मते

पतंगराव कदम १९८० मध्ये भिलवडी-वांगी मतदारसंघातून विधानसभेला उभे राहिले आणि ८६ मतांनी पडले. ८६ मते म्हणजे एखादी मळ्यावरची वस्ती किंवा फार तर दोन भावक्या. सोनसळसारख्या कोरडवाहू गावात जन्मलेला, रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत मास्तरकी केलेला हा माणूस १९६४ मध्ये वयाच्या विशीत पुण्यात भारती विद्यापीठाची पाटी लावून बसला होता. संस्था वाढली, नाव झाले, तरी गावाकडच्या माणसांनी त्याला पहिल्या फेरीत आत घेतले नाही. पाच वर्षांनी, १९८५ मध्ये, तो अपक्ष म्हणून निवडून आला.

आमदाराची कारकीर्द सांगताना आपण जिंकलेल्या निवडणुका मोजतो. पतंगरावांचा हिशेब तसा मांडला तर १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४ असे सहा विजय. उद्योग, सहकार, महसूल, वन अशी खाती. मला मात्र या यादीत १९८० आणि १९९५ हे दोन पराभव जास्त महत्त्वाचे वाटतात. १९९५ मध्ये संपतराव देशमुखांनी अपक्ष राहून त्यांना हरवले. राज्यमंत्री राहिलेला, शिक्षणसंस्थांचे जाळे असलेला उमेदवार गावोगावच्या पारावर हरला.

त्या वर्षी राज्यात ४५ अपक्ष निवडून आले आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकार त्यांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या आमदारांनी त्या काळात पाण्यासाठी लावलेला रेटा इथल्या जुन्या माणसांना आठवतो. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आले, टेंभू योजनेला मंजुरी मिळाली. कराड तालुक्यातल्या टेंभूजवळ कृष्णेचे पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे न्यायचे, ही कल्पना कागदावरून हलली. पुढे कामाला किती वर्षे लागली, किती निधी अडला, तो वेगळा विषय आहे. पण पाणी या भागातल्या राजकारणाच्या मध्यभागी आले, ते इथे चुरस होती म्हणून. संपतरावांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत पृथ्वीराज देशमुख आमदार झाले आणि १९९९ मध्ये पतंगराव परत आले. त्यानंतर ताकारी आणि टेंभू या दोन पाणीयोजनांच्या नावांशिवाय कदमांची किंवा देशमुखांची एकही सभा पूर्ण झाली नसेल. एकाने पाण्याचे नाव घेतले की दुसऱ्याला घ्यावेच लागे.

२००८ च्या पुनर्रचनेत भिलवडी-वांगीचा पलूस-कडेगाव झाला. एका अंगाला कृष्णाकाठचा ऊस, दुसऱ्या अंगाला कडेगावचा माळ. २०१४ मध्ये भाजपकडून उभ्या राहिलेल्या पृथ्वीराज देशमुखांवर पतंगरावांनी चोवीस हजारांच्या आसपास मताधिक्याने मात केली. मोदी लाटेतही त्यांनी जागा राखली आणि ती लढून राखली. तो त्यांचा शेवटचा विजय.

९ मार्च २०१८ रोजी पतंगराव गेले. मेमध्ये पोटनिवडणूक लागली. त्यांचे पुत्र विश्वजीत कदमांनी काँग्रेसकडून अर्ज भरला, भाजपने देशमुख घराण्यातल्या संग्रामसिंहांना उभे केले आणि अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी माघार घेतली. विश्वजीत बिनविरोध आमदार झाले. त्या दिवशी बहुतेकांनी याला महाराष्ट्राची राजकीय संस्कृती म्हटले. दिवंगत नेत्याच्या घरातला माणूस उभा असेल तर लढू नये, हा आपल्याकडचा संकेत. तासगाव-कवठेमहांकाळमध्ये २०१५ मध्ये आर. आर. पाटील म्हणजे आबांच्या जाण्यानंतर त्यांच्या पत्नी सुमनताई उभ्या राहिल्या, तेव्हाही मोठ्या पक्षांनी उमेदवार दिले नव्हते. तिथे निदान मतदान झाले, आणि एक लाखाहून अधिक मताधिक्य देऊन लोकांनी आबांवरची माया मतपेटीतून दाखवली. पलूस-कडेगावच्या लोकांना तेवढीही संधी मिळाली नाही.

शोकाचा आदर मला कळतो. पतंगरावांना मानणारी माणसे या दोन तालुक्यांत घरोघर आहेत आणि मतदान झाले असते तरी निकाल बहुधा तोच लागला असता. पण आमदारकी ही वारसाला द्यायची सांत्वनाची वस्तू नव्हे. ती देण्याचा अधिकार मतदाराचा आहे, आणि मुंबई-पुण्यात बसलेल्या नेत्यांनी तो परस्पर वापरला. त्याची किंमत पुढच्याच वर्षी दिसली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. भिलवडी पाण्यात गेली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे बुडाली. जनावरे गेली, ऊस कुजला, घरे पडली. २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते. या मतदारसंघात त्या दहा आठवड्यांत किती प्रश्न विचारायला हवे होते! बोटी का कमी पडल्या, धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडले, पूररेषेतल्या घरांचे काय, पंचनाम्यात कोण राहिले. ज्या पक्षाचे सरकार होते त्याने उत्तर द्यायचे, जो आमदार होता त्याने हिशेब द्यायचा. निवडणूक याचसाठी असते.

प्रत्यक्षात युतीच्या जागावाटपात ही जागा शिवसेनेला गेली. वर्षानुवर्षे इथे लढणारे देशमुख घराणे भाजपमध्ये, आणि उमेदवार शिवसेनेचा. निकाल असा लागला: विश्वजीत कदम १ लाख ७१ हजार ४९७, ‘नोटा’ २० हजार ६३१, शिवसेना ८ हजार ९७६. विधानसभेच्या जागेवर दुसऱ्या क्रमांकाला कोणीच नाही! त्याच दिवशी लातूर ग्रामीणमध्येही असेच घडले. तिथेही काँग्रेसच्या मोठ्या नेत्याचा मुलगा विजयी झाला, ‘नोटा’ दुसरा आला आणि शिवसेना तिसरी.

नोंदीत लिहिले गेले की विश्वजीत कदम १ लाख ६२ हजार ५२१ मतांनी जिंकले. राज्यात त्या वर्षी बारामतीच्या अजित पवारांचे मताधिक्य तेवढे त्याहून मोठे होते. ‘नोटा’चा पद्धतशीर प्रचार झाल्याच्या तक्रारी तेव्हा झाल्या. त्या गृहीत धरल्या तरी उन्हात रांगेत उभे राहून, यंत्रावरचे शेवटचे बटण शोधून ‘यांपैकी कोणी नको’ असे सांगणारी वीस हजार माणसे कुणाच्या खिशात होती म्हणून सोडून देता येत नाहीत. त्यांतली बरीचशी पाच वर्षांपूर्वी देशमुखांना मत देणारी असणार. आपले मत द्यायला त्यांना माणूसच उरला नव्हता. कायद्याप्रमाणे ‘नोटा’ अनामत रकमेच्या हिशेबातसुद्धा धरत नाहीत. विधानसभेच्या निकालावर त्या २० हजार ६३१ मतांचा काडीइतकाही परिणाम झाला नाही.

मोठे मताधिक्य विजेत्याच्याही हिताचे नसते, असे मी मानतो. शेजारचे उदाहरण घ्या. १९५७ मध्ये यशवंतराव चव्हाण द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना कराडमध्ये जेमतेम वाचले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वादळात त्यांचे मताधिक्य दोन हजारांच्याही आत आले. सातारा जिल्ह्याने आपल्याच माणसाला जवळजवळ पाडले होते. द्विभाषिक लोकांना नको आहे, हे दिल्लीत मांडायला त्याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? तीन वर्षांत संयुक्त महाराष्ट्र झाला. पुढे १९६३ मध्ये हेच यशवंतराव नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. देशाचे संरक्षणमंत्री म्हणून तो सन्मान होता. पण नाशिककरांना त्या वर्षी काय म्हणायचे होते, हे कळायला मार्ग नाही.

याच कदम कुटुंबातली आणखी एक निवडणूक या संदर्भात पाहण्यासारखी आहे. पतंगरावांचे बंधू मोहनराव कदम नोव्हेंबर २०१६ मध्ये सांगली-सातारा स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले. मतदार म्हणजे दोन जिल्ह्यांतले जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती, नगरसेवक. सगळे मिळून काही शेकडा. कागदावर जोर राष्ट्रवादीचा होता, उमेदवार शेखर गोरे होते, आणि साठेक मतांनी काँग्रेसचे मोहनराव निवडून आले. एकेकाळच्या दोन मित्रपक्षांनी एकमेकांविरुद्ध लढलेली ही लढत दोन्ही जिल्ह्यांत घाम काढणारी ठरली. त्यांची मुदत डिसेंबर २०२२ मध्ये संपली तेव्हा पालिका आणि जिल्हा परिषदांच्या बहुतेक सदस्यांचीच मुदत आधी संपून तिथे प्रशासक बसले होते. मतदारच नाहीत म्हणून निवडणूक झाली नाही आणि परिषदेतली ही जागा रिकामी पडली. दोन जिल्ह्यांच्या गावकारभाराचा वरच्या सभागृहातला आवाज असा बंद झाला, आणि त्यावर ना साताऱ्यात मोर्चा निघाला ना सांगलीत. याची मला खंत वाटते.

२०२४ मध्ये पलूस-कडेगावात पुन्हा लढत झाली. विश्वजीत कदम विरुद्ध संग्रामसिंह देशमुख. मधल्या काळात, २०२० मध्ये, संग्रामसिंहांनी पुणे पदवीधर मतदारसंघात कुंडलच्या अरुण लाडांकडून, म्हणजे क्रांतिअग्रणी जी. डी. बापूंच्या मुलाकडून, हार घेतली होती. तरी ते उभे राहिले. विश्वजीत तीस हजारांच्या आसपास मतांनी जिंकले आणि देशमुखांना लाखाच्या घरात मते पडली. १ लाख ६२ हजारांचे मताधिक्य तीस हजारांवर आले, याला कुणी घसरण म्हणेल. मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये न मोजलेला मतदार या वेळी मोजला गेला, आणि विश्वजीत कदमांना वडिलांसारखी खरी लढत जिंकल्याचा मान मिळाला.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे एकच उमेदवार उरला की मतदान न घेता त्याला विजयी घोषित करतात. एकटा उमेदवार असला तरी मतदान व्हावे आणि ‘नोटा’ला त्याच्यासमोर उभे राहू द्यावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्येच स्थानिक निवडणुकांसाठी एक पाऊल टाकले होते: ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. हाच नियम विधानसभेला लागू करावा, आणि पोटनिवडणुकीत बिनविरोधचा आग्रह धरणाऱ्या पक्षांनी आधी त्या मतदारसंघातल्या गावांत जाऊन लोकांना विचारावे. सुरुवात भिलवडीपासून केली तरी चालेल.