मॉड्युलर सिंथेसायझर जनरेटरशिवाय वाजेल का? फवारणी पंपाच्या बॅटरीचं गणित समजून घ्या

घोडेगाव (ता. नेवासा) : गावाकडे वाद्यांचा कार्यक्रम ठरला की आधी जनरेटरची चौकशी होते. लाईटचा भरवसा नसतो, त्यामुळे ते साहजिकच. पण जनरेटर लागतो तो मोठ्या स्पीकरला. वाद्याची भूक फार कमी असते. मॉड्युलर सिंथेसायझरसारखं किचकट वाद्यसुद्धा कांद्यावर फवारणी करणाऱ्या पंपाच्या बॅटरीवर आरामात चालू शकतं.

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटे खण जोडून केलेलं वाद्य. एक खण सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा कमी-जास्त करतो. कोणता खण कशाला जोडायचा, हे वाजवणारा वायरींनी ठरवतो. १९९०च्या दशकात जर्मनीच्या डोएफर कंपनीने आणलेली 'युरोरॅक' ही त्याची आज सर्वाधिक चालणारी पद्धत.

खरी अडचण 'उणे १२'ची

युरोरॅकला अधिक १२ आणि उणे १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. इथेच अनेकजण बॅटरीचा नाद सोडून इन्व्हर्टर घेतात. हा सौदा तोट्याचा आहे. बॅटरीच्या डीसीचा एसी करायचा आणि वाद्याच्या अडॅप्टरने पुन्हा त्याचा डीसी करायचा, यात दोनदा वीज वाया जाते. शिवाय स्वस्त इन्व्हर्टरची घरघर स्पीकरमधून ऐकू येते ती वेगळीच.

त्यापेक्षा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या आणि मधला सांधा 'शून्य' धरला, की एका टोकाला अधिक १२ मिळतात, दुसऱ्या टोकाला उणे १२.

मात्र हे थेट वाद्याला जोडू नये. भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास असते आणि वापरात उतरत जाते. या वाद्यात १ व्होल्ट म्हणजे एक सप्तक. सप्तकात १२ स्वर, म्हणजे एका स्वराला जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. सुराच्या व्होल्टेजमध्ये एवढी गडबड झाली की 'सा'चा कोमल 'रे' होतो. चांगले खण पुरवठ्यातले चढउतार बरेच सोसतात, साधे सोसत नाहीत. म्हणून मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा डीसी कन्व्हर्टर हवाच. नेहमीचा ७८१२ रेग्युलेटर इथे उपयोगाचा नाही. त्याला आत येताना साधारण १४ व्होल्टच्या वर लागतात. एकाच १२ व्होल्टमधून दोन्ही बाजू काढून देणारा कन्व्हर्टर मिळाला, तर दुसऱ्या बॅटरीचीही गरज नाही.

किती वेळ चालेल?

समजा, छोटा संच अधिक बाजूने ५०० आणि उणे बाजूने ३०० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे साधारण १० वॅट. पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ९६ वॅट-तास देते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. कन्व्हर्टरमधली गळती धरली तरी हाती ३८ वॅट-तास उरतात. जवळपास चार तास! आवाजाला भजनी मंडळं वापरतात तो चार्जिंगचा ट्रॉली स्पीकर पुरेसा आहे. मिरवणुकीच्या भिंतीला मात्र हे गणित लागू नाही.

बॅटरीवरच्या वाद्यांना कमी लेखायचं कारणही नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली ज्या यंत्रांवर रागांना डिस्कोचा ठेका दिला, त्यातलं रोलंडचं टीबी-३०३ चार सेलवर चालायचं. त्या रेकॉर्डकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा मात्र जगभर चर्चा झाली.

जोडणी करताना

बॅटरीच्या टोकाजवळ फ्यूज हवाच. बॅटरी छोटी असली तरी शॉर्ट झाल्यावर वायर वितळते. पट्टी-केबलची लाल कड बहुधा उणे १२ची असते. ती उलटी लागली तर खण जळू शकतो. दोन बॅटऱ्या वापरल्यास अधिक बाजूची लवकर उतरते, म्हणून दोन्ही सोडवून वेगवेगळ्या चार्ज कराव्यात आणि पुढच्या वेळी जागा बदलावी.