रिमोट एकाच्या हाती, मत मात्र सगळ्यांचे?

दापोडे (ता. भिवंडी) : मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली नाक्यावरून आत वळले की दापोडे, वळ, पूर्णा या गावांचा पट्टा सुरू होतो. एके काळची भातखाचरे आता गोदामांखाली गेली आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईच्या उंबरठ्यावर, हा या गावांचा मोठा फायदा ठरला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, मुंबईतील जकात गेली, पण गोदामे राहिली आणि वाढली. त्यांच्याबरोबर हमाल, चालक, मालाची बांधणी करणारे कामगार यांची वस्तीही वाढली. यांतील अनेक जण घरदार गावी ठेवून आलेले. अशा वस्तीत करमणूक म्हणजे चित्रपट, आणि तोही बहुधा चित्रपटगृहाबाहेर पाहिलेला. म्हणूनच ‘चावट’ प्रेमविनोदी चित्रपटांविषयी प्रेक्षकांना नेमके काय वाटते, हा प्रश्न मल्टिप्लेक्सच्या तिकीटखिडकीपेक्षा अशा गावातच अधिक नीट समजतो.

मराठी प्रेक्षकाला चावटपणा नवा नाही. गिरणगावात वाढलेल्या दादा कोंडके यांनी १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आणला. त्यानंतर त्यांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. द्व्यर्थी संवादांवरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, सेन्सॉरशी त्यांचे खटके उडाले. पण चित्रपटगृहे भरत राहिली. त्या विनोदाची एक अट होती. वाक्याचा दुसरा अर्थ पडद्यावर नसे, तो प्रेक्षकाच्या मनात असे. तो कळला म्हणून हसणारा माणूस शेजारच्यालाही हसताना पाहत असे. शेकडो माणसांनी एकत्र हसण्यात संकोच विरघळून जाई आणि न आवडलेला विनोद तिथल्या तिथे पडेही.

व्हिडिओने काय बदलले?

१९८२ हे वर्ष या कहाणीत दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या जानेवारीत मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे कापडाचे बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकले. त्याच वर्षी नोव्हेंबरातील एशियाडच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीसीआरचा प्रसार झाला. चित्रपटगृहाची चौकट प्रथमच मोडली. बनावट कॅसेटींचा सुळसुळाट इतका झाला, की १९८४ मध्ये स्वामित्व हक्क कायद्यात बदल करून व्हिडिओ प्रतीवर निर्मात्याचे नाव, पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत दाखवणे बंधनकारक करावे लागले. महाराष्ट्राने तर २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरसी’ करणाऱ्यांना स्थानबद्धतेच्या कायद्याच्या कक्षेत आणले.

दुसरा धक्का किमतीचा होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोझर बेअर या कंपनीने अवघ्या २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली. चित्रपटाची अधिकृत प्रत चित्रपटगृहाच्या तिकिटापेक्षा स्वस्त झाली. ‘मस्ती’ (२००४) आणि ‘क्या कूल है हम’ (२००५) हे हिंदीतील चावट विनोदपट याच काळातले. दोन्हींत रितेश देशमुख होते. महाराष्ट्राच्या राजकारणातील एका मोठ्या घराण्याचा मुलगा या प्रकारच्या चित्रपटांचा हुकमी चेहरा झाला, हेही या विनोदाला मिळालेल्या प्रतिष्ठेचेच लक्षण मानावे लागेल.

न्यायालयाचा आदेश आणि घराचे दार

नेमक्या याच सुमारास, डिसेंबर २००५ मध्ये, प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने महत्त्वाचा आदेश दिला. ‘ए’ प्रमाणपत्राचे चित्रपट दूरचित्रवाणी आणि केबलवरून दाखवण्यास मनाई झाली. मुलांच्या हाती रिमोट असतो, हा त्यामागील विचार रास्तच होता. परिणाम मात्र असा झाला, की प्रौढांसाठीच्या चित्रपटाला घरात शिरण्याची कायदेशीर वाट उरली ती तबकडीचीच. सिनेमॅटोग्राफ कायद्याचा अंमल सार्वजनिक प्रदर्शनावर चालतो. खोलीचे दार बंद झाल्यावर तबकडी कोण पाहतो, हे तपासणारा द्वारपाल तिथे नसतो. चित्रपटगृहाच्या दारावर वय विचारले जाते, घरात ते विचारायचे कोणी?

‘ग्रँड मस्ती’च्या वेळी हा पेच ठळक झाला. हा चित्रपट १३ सप्टेंबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. त्याच दिवशी दिल्लीतील निर्भया प्रकरणात चौघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली होती आणि मुंबईतील शक्ती मिलच्या घटनेला महिनाही उलटला नव्हता. समीक्षकांनी चित्रपटावर कठोर टीका केली. स्त्रीकडे केवळ देह म्हणून पाहणारा विनोद, हा त्यातला मुख्य आक्षेप. तरीही ‘ए’ प्रमाणपत्र असताना या चित्रपटाने १०० कोटींचा टप्पा ओलांडला. पुढे काटछाट करून तो दूरचित्रवाणीवर आणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते प्रक्षेपण रोखले.

प्रेक्षक म्हणजे नेमके कोण?

अशा चित्रपटांविषयी प्रेक्षकांची मते साधारण तीन प्रकारची असतात. पहिले मत, दिवसभर घाम गाळल्यावर चार घटका हसवणारे काही हवे, त्यात एवढे शोधायचे काय? दुसरे मत, चित्रपट ठीक, पण घरच्यांसोबत बसून बघता येत नाही. तिसरे मत, विनोद मुळातच पाचकळ आहे आणि त्याची किंमत प्रत्येक वेळी बाईलाच मोजावी लागते.

यांतले दुसरे मत सर्वाधिक ऐकू येते आणि तेच सर्वांत कमी तपासले जाते. ‘घरच्यांसोबत नको’ याचा अर्थ चित्रपट वाईट असा नाही. आपण तो एकटे किंवा मित्रांत पाहू, एवढाच. म्हणजे आक्षेप आशयाला नसून सोबतीला आहे. दादांच्या काळात हाच संकोच चित्रपटगृहात सर्वांसमोर पार करावा लागे. तबकडीने तो पार करण्याची गरजच संपवली. परिणामी विनोद कुठे पडला, कुणाला बोचला, हे पाहणाऱ्याला कळेनासे झाले.

तिसरे मत तर मोजलेच जात नाही. तिकीटविक्रीचा आकडा आणि तबकडीचा खप हा ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याचा कौल असतो. एका खोलीत चार जण बसून चित्रपट पाहतात तेव्हा निवड बहुधा एकाची असते. उठून स्वयंपाकघरात जाणाऱ्या बाईची नापसंती कोणत्याही ताळेबंदात येत नाही. ‘लोकांना हेच हवे असते’ हे निर्मात्यांचे ठरलेले समर्थन या अर्ध्या हिशेबावर उभे आहे. समर्थनाची दुसरी बाजूही तितकीच खरी, की प्रौढ माणसाने काय पाहावे हे सरकारने ठरवू नये. गावाकडच्या घरापासून दूर, दहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या करमणुकीवर उपदेशाची काठी उगारणे सोपे असते. त्याला दुसरे काय उपलब्ध आहे, हे विचारणे कठीण.

तबकडी गेली, प्रश्न उरला

तबकड्यांचा तो जमाना आता संपला. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ २०१६ मध्ये प्रदर्शनापूर्वीच इंटरनेटवर फुटला आणि तिकीटखिडकीवर आपटला. २०२५ च्या नोव्हेंबरात या मालिकेचा चौथा भागही आला. दरम्यान मोबाइलच्या पडद्याने खोलीतली उरलीसुरली सोबतही संपवली. २०२१ च्या नियमांनी ओटीटी कंपन्यांवर वयोगटानुसार वर्गीकरणाची जबाबदारी टाकली. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांसाठी ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन टप्पे केले. जुलै २०२५ मध्ये केंद्राने अश्लीलतेच्या कारणावरून उल्लू, एएलटीटी यांसह २५ ॲप बंद केली.

या सर्व उपायांत कोणी काय पाहू नये, याचाच विचार आहे. बंदीने ॲप बंद होते, आवड बंद होत नाही. आणि आवड बदलायची तर नावड मोकळेपणाने बोलून दाखवता आली पाहिजे. दापोड्याच्या गोदामांतून रोज हजारो खोकी राज्यभरातल्या घरांकडे रवाना होतात. त्यातली नको ती वस्तू परत पाठवायची सोय ग्राहकाला आहे. घरात आलेल्या विनोदाबाबत ती सोय प्रत्येकाला, विशेषतः घरातल्या बाईला, आहे काय, याचे उत्तर सेन्सॉर मंडळाकडे नाही. ते ज्याच्या हाती रिमोट आहे त्यानेच द्यायचे आहे.