दोष खेळाचा की अड्ड्याचा?

पालकहो,

‘पूल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिगारेटचा धूर, पैजा आणि शाळा बुडवणारी मुले येतात. ही भीती अगदीच खोटी नाही. पण दोष अड्ड्याचा आहे, खेळाचा नव्हे.

२००५ मध्ये तैवानमधील काओस्युंग येथे नाइन-बॉल पूलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती जिंकणारा वू जिया-छिंग अवघा १६ वर्षांचा, म्हणजे आपल्या अकरावीतल्या मुलाएवढा! अंतिम सामना त्याने १७-१६ असा जिंकला. या खेळात टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूलाच पांढरा चेंडू आधी लागावा लागतो. म्हणून एक चेंडू पॉकेटमध्ये घालतानाच पुढच्या फटक्यासाठी पांढरा कोठे थांबेल, याचा हिशेब करावा लागतो. कोन, वेग आणि संयम, तिन्हींची परीक्षा एकदमच!

तेव्हा मुलाला नुसते ‘जाऊ नकोस’ म्हणू नका. एकदा त्याच्याबरोबर जा, जागा पाहा, वेळ ठरवून द्या. जागा वाईट असेल तर ती जरूर बंद करा. खेळाला नावे ठेवू नका. चोरून खेळण्यापेक्षा सांगून खेळलेले केव्हाही बरे.