आधी ऐकावे, मग बोलावे

रेडिओवर काम करायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात प्रथम आवाजाचा विचार येतो. आवाज गोड असावा, उच्चार निर्दोष असावेत, बोलणे अखंड वाहते असावे, अशी आपली समजूत असते. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, ज्यांच्या बोलण्यात गावाकडचा हेल आहे, ते मग स्वतःच ठरवून टाकतात की हे क्षेत्र आपले नव्हे. ही समजूत मला चुकीची वाटते. मोठ्या शहरांतील करमणुकीच्या वाहिन्यांचे काहीही असो, स्थानिक रेडिओची पहिली पात्रता आवाज ही नसून ऐकून घेण्याची वृत्ती ही आहे. ती कोणत्याही प्रमाणपत्रावर अवलंबून नसते.

या विचाराचे मूळ शोधू लागलो की मन म्हैसूर शहराकडे वळते. आपण मराठीत सहजपणे ‘आकाशवाणी’ हा शब्द वापरतो. त्या नावाचे रेडिओ केंद्र प्रथम सुरू झाले ते म्हैसूरमधील एका घरात. साल होते १९३५. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही तोवर रूढ झालेले नव्हते. ते १९३६ मध्ये आले. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या ‘विठ्ठल विहार’ या निवासस्थानी अवघ्या ३० वॅट शक्तीचे प्रक्षेपण यंत्र बसविले. घरात लावल्या जाणाऱ्या साठ वॅटच्या दिव्याच्या निम्मीच ही शक्ती. तरीही पदरमोड करून त्यांनी हे केंद्र चालविले. पुढे ते म्हैसूर संस्थानाकडे, नंतर १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओकडे गेले आणि १९५५ मध्ये बंगळूरला हलविण्यात आले. त्याचे ‘आकाशवाणी’ हे नाव मात्र त्याच दशकात सबंध देशाच्या रेडिओने स्वीकारले.

या केंद्राचा प्रवर्तक अभियंता नव्हता की गवई नव्हता. तो माणसाच्या मनाचा अभ्यासक होता, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. यंत्र लहान असले की आवाज दूर जात नाही. पण जेथवर जातो तेथवरची माणसे आपल्या परिचयाची असतात. ज्याचे श्रोते त्याच्याच गल्लीत राहतात, त्याला वाटेल ते बोलून चालत नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात कोणीतरी त्याला थांबवून विचारणारच! स्थानिक रेडिओची मर्यादा हेच त्याचे सामर्थ्य आहे.

केवळ ऐकविणारा रेडिओ आणि ऐकूनही घेणारा रेडिओ यांत किती अंतर असते, हे आपल्या महाराष्ट्रातही एकदा पडताळून पाहिले गेले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. कॅनडातील शेतकऱ्यांच्या अशाच मंडळांवरून ही कल्पना घेतलेली होती. सुमारे दीडशे गावांतील लोक आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. जेथे मंडळे होती, तेथील लोकांच्या ज्ञानात स्पष्ट भर पडल्याचे आढळले. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांत मात्र तेवढी भर पडली नाही. माहिती कानावर पडली एवढ्याने माणूस शिकत नाही. तिच्याविषयी प्रश्न विचारता आला, तर शिकतो.

पुढे कित्येक वर्षे रेडिओ सरकारच्याच हाती राहिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर प्रथम शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. आज देशात अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत. त्यांचा आवाज साधारणपणे दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात पोहोचतो आणि निम्मे तरी कार्यक्रम त्यांना स्थानिक पातळीवरच तयार करावे लागतात. तेलंगणातील माचनूर येथे १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झालेले ‘संघम रेडिओ’ हे केंद्र दलित शेतकरी स्त्रियांनी चालविले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे, त्याच वर्षी ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. म्हैसूर जिल्ह्यातील सरगूर येथे २०१२ मध्ये ‘जनध्वनी’ उभी राहिली. त्या परिसरात जेनू कुरुब आणि काडू कुरुब या आदिवासी समाजांची वस्ती आहे. या गावांची नावे नकाशावर शोधावी लागतात. पण तेथील माणूस आपलीच बोली रेडिओवर ऐकतो तेव्हा त्याला वाटते, आपलेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ध्वनिक्षेपकासमोर बसणे हा या कामाचा अगदी लहान भाग आहे. विषय निवडणे, लोकांना भेटणे, ध्वनिमुद्रण करणे, संगणकावर संकलन करणे, संहिता लिहिणे, यंत्रणा सांभाळणे, जाहिराती मिळविणे आणि हिशेब ठेवणे अशी अनेक कामे येथे असतात. लहान केंद्रात एकाच माणसाला त्यांतील तीन-चार कामे करावी लागतात. म्हणूनच हे क्षेत्र शिकणाऱ्याला फार लवकर घडविते. समजा, गावात एखाद्या आजाराविषयी अफवा पसरली आहे. चांगला स्थानिक निवेदक लगेच बोलू लागत नाही. तो आधी आरोग्य केंद्रात जाऊन विचारतो, घाबरलेल्या आयांचे म्हणणे ऐकतो आणि मगच त्यांच्या भाषेत खरे काय ते सांगतो. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत. परंतु हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षा, नोकरीच्या संधी, रोगराईच्या सूचना यांविषयी ती सांगू शकतात. सामान्य माणसाचा दिवस याच गोष्टींवर चालतो.

यावर कोणी विचारील, हे सर्व ठीक. पण यात पोट भरते का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे गोड उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. लहान केंद्रांतील मानधन बहुधा तुटपुंजे असते. २०२४ मध्ये शासनाने जाहिरातींची मर्यादा तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु जाहिराती प्रत्यक्ष मिळाल्या तरच तिचा उपयोग. ‘समाजसेवा आहे’ असे सांगून तरुणांना फुकट राबवून घेण्याची एक रीत आपल्याकडे आहे. तिला माझा विरोध आहे. शिक्षिका किंवा परिचारिका यांची सेवा वेतन घेतल्याने कमी पवित्र होत नाही, मग रेडिओवर काम करणाऱ्याचीच का व्हावी? ज्या गावाला आपला आवाज हवा आहे, त्या गावातील संस्थांनी, दुकानदारांनी आणि ग्रामपंचायतीने त्याचा खर्चही उचलला पाहिजे.

शिकणाऱ्यानेही एक शहाणपण बाळगावे. आरंभी उपजीविकेचे दुसरे साधन सोडू नये. जवळच्या केंद्रात आठवड्यातील काही तास द्यावेत. ध्वनिमुद्रण आणि संकलन नीट शिकावे, कारण ही कौशल्ये पुढे आकाशवाणीच्या केंद्रात, खाजगी वाहिनीत किंवा स्वतःच्या व्यवसायातही उपयोगी पडतात. हाती भ्रमणध्वनी असेल तर आजच सरावाला आरंभ करता येईल. शेजारच्या आजीकडून जुन्या दुष्काळाची आठवण ऐकावी, तिच्या परवानगीने ती मुद्रित करावी आणि तिलाच परत ऐकवावी. तिने ‘हो, मी असेच म्हणाले होते’ अशी मान डोलावली, तर पहिली परीक्षा उत्तीर्ण झालो असे समजावे.

शाळा सुटलेल्या माणसाने आयुष्यात पुष्कळ ऐकलेले असते. शेतात, कारखान्यात, रांगेत, दवाखान्याच्या ओट्यावर त्याने माणसांची सुखदुःखे जवळून पाहिलेली असतात. हा अनुभव कमीपणाचा नाही. स्थानिक रेडिओचे ते भांडवल आहे. म्हैसूरच्या त्या घरातील यंत्राची शक्ती ३० वॅटच होती. तेवढ्या बळावर गावाचा आवाज उमटू शकतो, हे त्याने दाखवून दिले. आज साधने कितीतरी वाढली आहेत. गरज आहे ती गावाचे म्हणणे मनापासून ऐकणाऱ्या माणसांची.