घरांतील विज्ञान : मध्यरात्रीची फेरी

आमच्या परभणीच्या घरांत मातुश्रींची एक फेरी ठरलेली आहे. मध्यरात्रीं उठून त्या एकूणएक फोनचीं बटणें बंद करतात. ‘रात्रभर लावून ठेवला तर बॅटरी जास्त भरून फुटेल,’ ही त्यांची भीति. काळजी मायेची खरी. पण ती योग्य जागीं आहे काय, हें पाहूं.

ज्याला आपण चार्जर म्हणतों तो भिंतीवरील 230 व्होल्टचा दाब उतरवून प्रवाह एकदिश करून देतो, इतकेंच. खरा कारभारी फोनच्या पोटांत बसलेला असतो. नळाखालीं हंडा भरतांना आपण प्रथम तोटी पूर्ण सोडतों, व पाणी कांठाशीं आलें कीं ती बारीक करतों. हा कारभारी तेंच करतो. बॅटरीचा दाब सुमारें 4.2 व्होल्टवर (कांहीं नव्या बॅटऱ्यांत किंचित अधिक) पोंचला कीं तो दाब तेवढाच राखून प्रवाह कमी कमी करीत नेतो, आणि शेवटीं थांबवितो. म्हणूनच शेवटच्या वीस टक्क्यांस वेळ अधिक लागतो. त्याच्या हातून चूक झालीच, तर बॅटरीस जोडलेली दुसरी रक्षक-योजना प्रवाह तोडून टाकते.

मग भय कशाचें? उष्णतेचें. आमच्याकडे मे महिन्यांत पारा 43 अंशांवर जातो. फोन मात्र 35 अंशांपर्यंतच्या हवेंत वापरावा, असें बहुतेक कारखानदार सांगतात. गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच घरीं एका फोनची पाठ फुगली. ती रात्रीं नव्हे, भर दुपारीं! फोन खिडकींत उन्हांत चार्जिंगला होता आणि मुलें त्याच वेळीं त्यावर चित्रपट पाहत होतीं.

तेव्हां फोन सावलींत, फरशीवर अथवा लांकडी मेजावर ठेवून चार्ज करावा. उशी-गादीखालीं कदापि नको. चार्जर चांगल्या प्रतीचा असावा. फोन तापला तर आवरण काढावें. ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय असल्यास ती वापरावी. बॅटरीचें आयुष्य वाढतें. फुगलेला फोन दाबूं नये, टोंचूं नये, पुन्हा चार्जही करूं नये. जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे द्यावा.

मातुश्रींस आम्हीं विनंती केली आहे कीं, रात्रीं स्वस्थ झोंपावें. फेरी घालावयाचीच, तर ती दुपारीं दोन वाजतां घालावी.